तांबडे डॉक्टरांची दुसरी लीग

दाढ काढायच्या आधी तांबडे डॉक्टर पेशंटला एक प्रश्न विचारतात. तोंडात कापसाचे बोळे असतात, अर्धा जबडा भुलीनं जड झालेला असतो, डोळ्यांवर दिवा असतो. अशा वेळी डॉक्टर हातात पक्कड घेऊन शांतपणे म्हणतात, "आपल्या देशात फुटबॉलची दुसरी लीग कशी चालते, माहीत आहे?"

पेशंट "आँ" म्हणतो. डॉक्टर त्याचा अर्थ "नाही" असा घेतात आणि सांगायला लागतात.

मुरुडच्या बाजारात आमचं मेडिकल आहे आणि बरोबर वरच्या मजल्यावर डॉक्टरांचा दवाखाना. जिन्यावरून उतरलेला पेशंट आधी आमच्या काउंटरशी येतो. गाल धरून गोळ्या घेतो आणि घोगऱ्या आवाजात विचारतो, "वहिनी, ते वर जातात म्हणजे नक्की कुठं जातात ओ?" इतकी वर्षं हे ऐकून आता मलाही सगळं पाठ झालंय. ज्या बाईनं आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही, ती मी गोळ्यांच्या पाकिटावर "जेवणानंतर" लिहिता लिहिता लोकांना लीगचा इतिहास समजावून सांगते.

तो इतिहास डॉक्टरांच्या शब्दांत असा आहे. पूर्वी देशात एकच मोठी लीग होती. बंगाल, गोवा, केरळ, पंजाब, सगळीकडचे जुने क्लब तिच्यात खेळायचे. मग बडे लोक आले. त्यांनी स्वतःची नवी लीग काढली, दिवे लावले, गाणी लावली. काही वर्षं दोन्ही शेजारी शेजारी चालल्या. आणि मग एक दिवस वरून निरोप आला की आजपासून नवी ती पहिली आणि जुनी ती दुसरी. इथं डॉक्टर पक्कड थांबवतात. "म्हणजे रात्री हापूस म्हणून झोपलेला आंबा सकाळी उठला तर रायवळ. आंबा तोच. झाड तेच."

पुढचा भाग ते जरा जास्त जोर लावून सांगतात, दाढ बहुतेक तेव्हाच निघते. "बरं, दुसरी तर दुसरी. पण दुसरीत पहिला आला की वर जायला नको? तर मधली काही वर्षं वर जायला दारच नव्हतं. चषक घ्या, फोटो काढा आणि पुन्हा तिथंच खेळा. खाली पडायची सोय मात्र होती. आता कुठं दार उघडलंय, पहिला येतो तो वर जातो. पण वरचा अजून कोणी खाली आलेला नाही. थुंका."

मग फॉरमॅट. प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, एकदा आपल्या अंगणात, एकदा त्याच्या अंगणात. काही वर्षी मध्येच गुणतक्ता कापतात, वरचे वरच्यांशी खेळतात आणि खालचे खालच्यांशी. हे कापणं डॉक्टरांना इतकं आवडलं की त्यांनी सगळं मुरुड तसं कापून टाकलं. कानाच्या पाळीला वस्तरा लावणारा न्हावी खालच्या अर्ध्यात गेला. पापलेट म्हणून हलवा देणारी कोळीण गुण वजा होऊन तळाला गेली, आणि पुढच्या आठवड्यात तिनं आपणहून दोन बोंबील जास्त घातले तेव्हा वर आली. मी एकदा सहज सांगितलं की वर्ल्ड कपची फायनल काय सुंदर झाली. डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "त्यात काय, तिथं सगळेच चांगलं खेळतात," ते म्हणाले, आणि मला खाली उतरवलं.

ते स्वतः नेहमी शेवटच्या संघाच्या बाजूचे. क्लबांची खरी नावं ते घेत नाहीत. बर्फवाले, नारळवाले, डोंगरवाले, गिरणीवाले अशी त्यांनी ठेवलेली नावं आहेत. त्यातला जो तळाला असेल तो यांचा. तो दोन मॅच जिंकून वर सरकला की यांनी त्याला सोडलंच. मी एकदा विचारलं, "असं का हो?" तर म्हणाले, "मी मूळचा तळ्याचा ना, वहिनी. तळा तालुका. मी तळाचाच असणार." आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच खूप वेळ हसले. हा विनोद त्यांनी अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या प्रत्येक दाढेला सांगितलेला आहे.

तर असे हे डॉक्टर. आणि यंदा लीग सुरूच होईना.

कोण चालवणार, कशी चालवणार, यावर वर कुठंतरी वाद चालू होते. आज ठरेल, उद्या ठरेल असं करत महिने गेले. वर्ल्ड कप रद्द झाला असता तरी मुरुडला इतका फरक पडला नसता जितका यामुळे पडला, कारण डॉक्टर बोलायचे बंद झाले. गुपचूप भूल द्यायचे, गुपचूप दाढ काढायचे, चिठ्ठी लिहायचे. एक दिवस राजपुरीचा एक म्हातारा कोळी जिना उतरून माझ्याकडे आला. त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, "वहिनी, डॉक्टर माज्याशी कायपन बोलले न्हायत. मना काय मोठा आजार हाय काय?"

दुपारी दवाखाना बंद असतो. आमचं दुकानही दोन ते चार बंद, पण मी आत बसून माल लावते. डॉक्टर त्या वेळात खाली यायला लागले. स्टुलावर बसायचे आणि विचारायचे, "काही मदत करू का?" मी त्यांना जुन्या औषधांच्या तारखा बघायला द्यायचे. एम.डी.एस. झालेला माणूस खोकल्याच्या बाटल्या उलट्यासुलट्या करत बसायचा. मला वाटलं, लीगचं वेड आहे, जाईल हळूहळू.

वेड गेलं नाही. एका सकाळी डॉक्टर खाली आले ते जाहीर करतच. "आपण आपली लीग काढायची. मुरुडची."

त्याच संध्याकाळी दवाखान्यात सभा भरली. कोळीवाड्याच्या टीमचा कॅप्टन दिनेश नाखवा आला. त्याची स्वतःची होडी आहे. मोहल्ल्यातर्फे रशीदभाई आले, त्यांचं किनाऱ्यावर छोटं लॉज आहे. एस.टी. डेपोचे लोक आले, लॉजवर काम करणारे आले. खुर्च्या संपल्या म्हणून रशीदभाई पेशंटच्या खुर्चीत आडवे झाले आणि तसेच पडून बोलत राहिले. मी आणि माझा नवरा विनय दारात उभे होतो.

पहिलं भांडण दर्जावरून झालं. डॉक्टरांना दोन लीग हव्या होत्या, पहिली आणि दुसरी, मध्ये दार. पण दुसरीत कोण बसणार?

"डॉक्टरसाहेब, तुमची इज्जत हाय," रशीदभाई छताकडे बघत म्हणाले. "पन मोहल्ल्याची टीम दुसऱ्यात नाय खेळनार."

"मग काय कोलीवारा खेलंल?" दिनेश म्हणाला.

डेपोवाले म्हणाले, आम्ही सरकारी आहोत, आम्ही पहिलीतच. चहा दोनदा आला आणि संपला. शेवटी डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. सगळे दुसऱ्या लीगमध्ये. पहिली लीग रिकामी राहील."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणीच कोणाच्या वर नाही म्हटल्यावर कोणालाच हरकत घेता येईना. "मग जिंकनारा वर कुठं जानार?" दिनेशनं विचारलं.

"वर जाईल. तिथं कोणी नसेल. वर्षभर एकटा बसेल आणि कंटाळून खाली येईल," डॉक्टर म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले.

दुसरं भांडण वेळेवरून झालं आणि ते मिटेना. समुद्रकिनाऱ्यावर संध्याकाळी पाचला खेळावं हे शाळेतल्या मुलालाही कळतं. ऊन उतरलेलं असतं, वारा सुटलेला असतो, बघायला पर्यटक असतात. डॉक्टर म्हणाले, मॅच दुपारी तीनला.

"तीनला वालूवं पाय ठेववत न्हाय," दिनेश म्हणाला. "आनि समुद्र काय तुमचा टायमटेबल वाचत न्हाय. भरती असली तं खेलाचा कुटं?"

"ओहोटी दुपारी कधी असते?"

"दशमी-एकादशीच्या सुमाराला."

"मग त्या दिवशी."

विनय माझ्या कानात म्हणाला की पंचांगावर चालणारी ही देशातली एकमेव लीग असेल. पण बाकीचे वैतागले. पाच वाजता का नको, याचं एकही कारण डॉक्टर देईनात. नुसतं, "तीन म्हणजे तीन." डेपोवाले उठून गेले. दिनेश जाताना जिन्यात मला म्हणाला, "वहिनी, तुमी समजवा त्यांना. न्हायतं ही लीग पन देशाच्या लीगसारकी व्हयल. चालूच न्हाय व्हनार."

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर खाली आले नाहीत, म्हणून मीच वर गेले. दवाखान्याच्या मागं त्यांचं घर आहे. दार उघडंच होतं. डॉक्टर जेवणाच्या टेबलाशी बसले होते, ताट बाजूला सारलेलं होतं. बाहेर मुरुडची दुपार होती. दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर माणूस नाही, नारळाच्या झावळ्याही हलत नव्हत्या.

मी म्हटलं, "डॉक्टर, पाच वाजता ठेवा ना. सगळे तयार आहेत."

"पाचला पेशंट असतात, वहिनी."

"एखादा दिवस बंद ठेवा."

"तसं नाही," ते म्हणाले. थोडा वेळ ते पाण्याचं भांडं फिरवत राहिले. "पाचला पेशंट असतात म्हणजे माणसं असतात. रात्री बाजूच्या लॉजवर गडबड असते, झोप येईपर्यंत वेळ जातो. मला दुपार जात नाही."

शालिनीताई, म्हणजे डॉक्टरांची बायको, जाऊन काही वर्षं झाली. गावातल्या शाळेत शिकवायच्या. सकाळची शाळा असायची, दुपारी घरी.

"ती दुपारी सारखी कोणाला तरी हाका मारायची," डॉक्टर म्हणाले. "शेजारणीला, मांजराला, खालून जाणाऱ्या भाजीवाल्याला. मी आत पडलेला असायचो. काय बोलतेय ते ऐकायचो नाही, पण मला झोप लागायची ती त्याच आवाजात. ती गेल्यावर मी टीव्ही लावून बघितला. मालिकांत नुसती भांडणं. रेडिओवर माणूस फार गोड बोलतो, खोटं वाटतं. मग एक दिवस फोनवर बोट लागून ही मॅच लागली. दुसऱ्या लीगची. या लोकांना दिवे परवडत नाहीत, म्हणून बऱ्याच मॅच दुपारी असतात. बघायला कोणी नव्हतं. समालोचकसुद्धा मध्येच गप्प बसायचा. आणि ती पोरं एकमेकांना हाका मारत होती. मागे बघ, सोड, मी इथं आहे. भाषा कुठली ते कळत नव्हतं, पण हाक कळते ना. मला वाटलं, घरात माणसं आहेत. मी झोपलो."

मी बाजूला सारलेल्या ताटावर झाकण ठेवलं.

"नियम, इतिहास, ते मागून शिकलो," ते म्हणाले. "रोज ज्यांचा आवाज ऐकतो त्यांचं काय चाललंय ते आपल्याला ठाऊक असावं, म्हणून. पहिली लीग लावून बघितली मी. तिथं लोक फार ओरडतात. हाका ऐकू येत नाहीत."

मी खाली आले. चार वाजता दुकान उघडलं आणि दिनेशला आणि रशीदभाईंना बोलावून घेतलं. सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "वेळ दुपारचीच ठेवू या. डॉक्टरांची दुपार रिकामी असते."

दिनेश काउंटरवर बोटं वाजवत राहिला. रशीदभाईंनी टोपी काढून डोकं पुसलं. म्हणाले, "शालिनीबाईंनी माझ्या दोन्ही पोरींना शिकवलंय." मग टोपी परत घालून, "दुपारची जोहरची नमाज झाली की पुढच्या असरच्या नमाजपर्यंत आमी मोकलेच असतो. तीन बरी वेल हाय."

"पानी लागलेली वालू थंड असते," दिनेश म्हणाला. "कडंला खेलू. मी डेपोवाल्यांना सांगतो."

माघातल्या दशमीला पहिली मॅच झाली, कोळीवाडा आणि मोहल्ला. समुद्र पार मागं गेला होता. ओल्या वाळूवर दिनेशनं काठीनं रेघा मारल्या होत्या, गोलपोस्ट म्हणून वल्ही रोवली होती. चारला दुकान उघडायचं काम विनयवर सोपवून मी गेले. बघायला आम्ही दोघंच, मी आणि डॉक्टर, सुरूच्या झाडांच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.

पोरं म्हणजे संसारी पुरुषच सगळे, दोघांची पोटं सुटलेली. पण पळत होते. "इम्रान, मागं बघ." "दिन्या, सोर, सोर." "मी हाय हितं, मी हाय."

थोड्या वेळानं मोहल्ल्यानं गोल केला. मी म्हटलं, "डॉक्टर, गोल झाला."

त्यांची मान खांद्यावर कलली होती, चष्मा नाकावर घसरला होता, आणि तोंड किंचित उघडं. ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं. मी उठून माझी छत्री उघडली आणि त्यांच्या खुर्चीला टेकवून ठेवली.

मध्यंतर झालं. सगळे पाणी प्यायला खाली बसले आणि किनाऱ्यावर एकदम शांत झालं, तसे डॉक्टर दचकून जागे झाले. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"संपली?"

"नाही," मी म्हटलं. "अजून अर्धी आहे."