बर्च लेनची अडगळ आणि अर्लीनची गाडी

मनुष्य येताना काही आणत नाही आणि जाताना काही नेत नाही; मधल्या काळात तो गॅरेज भरतो. (निदान आमच्या मिनेसोटात तरी. इतरत्र तो माळा भरतो, असं ऐकून आहे.)

आमच्या बर्च लेनवर अकरा घरं आणि अकरा गॅरेजं आहेत. गॅरेज ही गाडी ठेवायची जागा आहे, असा गैरसमज ती बांधणाऱ्यांत अजून आढळतो. गेल्या उन्हाळ्यातल्या पाहणीनुसार (पाहणी मीच केली, संध्याकाळी फिरताना, लोकांची दारं उघडी असताना) अकराच्या अकरा गाड्या बाहेर उभ्या होत्या. आत सुखात होते ते असे: नाताळची प्लॅस्टिकची झाडं सतरा, व्यायामाच्या सायकली नऊ (पैकी घाम पाहिलेली एक), वाफलची (म्हणजे जाळीदार गोड धिरड्यांची) यंत्रं बारा, गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरायची गिरमिटं चौदा, आणि ज्याचं झाकण सापडत नाही असं बरंच काही.

या पाहणीतून 'बर्च लेन अडगळ निर्मूलन समिती' निघाली, असं कागदोपत्री आहे. खरं म्हणजे ती अर्लीन सॉल्बर्गमुळे निघाली. अर्लीन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, पहाटे सहाला घर सोडते. गेल्या वर्षीच्या जानेवारीत गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना ती घसरली आणि तिचं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं त्या दिवशी तिने नवऱ्याला, म्हणजे ऑर्विलला, सरळ सांगितलं, "यंदा पहिला बर्फ पडायच्या आत माझी गाडी आत. नाहीतर मी ॲरिझोनाच्या उन्हात, बहिणीकडे. नोकरी गेली खड्ड्यात. तू बस इथे तुझी गिरमिटं कुरवाळत."

ऑर्विल माझ्याकडे आला तेव्हा अगदी रडकुंडीला आला होता. चाळीस वर्षांच्या संसारात डिशवॉशरचं बटण त्याने लांबूनच पाहिलेलं.

"चिटणीस," तो म्हणाला, "ती खरंच जाईल रे."

मला त्याची दया आली. (चिटणीस मी तोवर झालो नव्हतो, पण हाक आवडली म्हणून पद घेतलं.)

ठराव क्रमांक एक: प्रत्येक वस्तू हातात घेऊन मालकाला विचारावं, गेल्या वर्षभरात ही लागली का? ऑर्विलचं उत्तर, "गेल्या वर्षी नाही लागली, पण पुढच्या वर्षाचं कोण सांगणार?" समितीला यात खोट काढता आली नाही. ठराव क्रमांक दोन: वस्तू फेकून तिचा अपमान करू नये, शेजाऱ्यांना द्यावी.

आता आमच्याकडची रीत अशी की कुणी काही देऊ केलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिल्याच हाकेला घेतलं तर हावरट; तिसऱ्यांदाही नको म्हटलं तर माणूसघाणा, आणि मग अख्खा हिवाळा तुमच्या दारातला बर्फ काढायला कुणी येत नाही. शिवाय दारी आलेल्याला रिकाम्या हाती परत पाठवायचं नाही.

ऑर्विल पहिल्यांदा समोरच्या ड्वेन नीगार्डकडे गेला.

"ड्वेन, वाफलचं यंत्र. घे."

"छे, तुलाच लागेल की."

"अरे, घे तर."

"नको रे बाबा, कशाला उगाच?"

"घेतलंस तर मला बरं वाटेल."

"आता एवढं म्हणतोयस तर ठेव," असं म्हणत ड्वेन आत गेला आणि शिडी घेऊन आला. "ही घेऊन जा. नुसती पडून आहे."

ऑर्विलने दोनदा नको म्हटलं.

एवढ्यावर भागलं असतं तर हिशेब निदान बरोबरीत सुटला असता. पण ऑर्विलचा चेहरा पडलेला बघून शेजारपाजारचे कळवळले. दुःखी माणसाला एकाच्या बदल्यात दोन द्याव्यात, असं गल्लीने आपसूक ठरवलं. सहा आठवड्यांत सॉल्बर्गांकडून ३८ वस्तू गेल्या आणि ९४ आल्या. त्यात चर्चच्या पास्टरबाईंचा पियानो होता. एक वाफलचं यंत्र ऑर्विलचंच होतं. चार घरं हिंडून ते लाल रिबीन बांधून माघारी आलं. ऑर्विलने त्याबद्दल आभाराचं पत्रही पाठवलं.

समितीचं यश मात्र डोळे दिपवणारं होतं. अकरापैकी दहा गॅरेजं रिकामी, म्हणजे गल्ली ९०.९ टक्के अडगळमुक्त! माझ्या गॅरेजात तर खोकलं की आवाज घुमायचा.

सत्तावीस ऑक्टोबरला बर्फ पडला. अर्लीन बॅग घ्यायला गॅरेजात गेली. चिटणीस या नात्याने मी दारातच हजर होतो.

"ऑर्विल! ही शिडी कुणाची?"

"ड्वेनची."

"आणि हा पियानो?"

"पास्टरबाईंचा. मी दोनदा नको म्हटलं होतं गं."

"माझी बॅग कुठाय?"

"पियानोच्या मागे," ऑर्विल म्हणाला. "जाऊ नकोस ना. तू गेलीस तर या सगळ्यात मी एकटाच उरेन."

अर्लीन पियानोच्या स्टुलावर बसली आणि हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मलाही गहिवरून आलं, म्हणून मी जागीच तातडीची सभा भरवली. सभेने शांतपणे विचार केला: या घरात जिला जागा नाही अशी वस्तू एकच, ती म्हणजे गाडी. सबब गाडीच द्यावी. चिटणीसांचं गॅरेज रिकामं आहे.

मी रीतीप्रमाणे दोनदा नको म्हटलं.

"तिसऱ्यांदा विचारायला मी काही इथली पाहुणी नाही," अर्लीन म्हणाली. "किल्ली धर!"

तेव्हापासून तिची गाडी माझ्याकडे उबेत झोपते. पहाटे ऑर्विल तिचा हात धरून तिला रस्ता ओलांडून देतो, ती कोरडी गाडी काढते आणि शाळेत जाते. ॲरिझोनाचं नाव निघत नाही. माझी गाडी बाहेर आहे. बर्फ मी खरवडतो. फक्त अर्लीन रिकाम्या हाती कधी येत नाही, त्यामुळे फेब्रुवारीपर्यंत माझ्याकडे गिरमिटं सहा झाली आहेत.

परदेशातली तऱ्हा म्हणून तुम्ही निवांत हसताय. हसा. पण दिवाळीत साताऱ्याला आलो होतो तेव्हा तुमच्या लोखंडी कपाटावरचा तो खोक्यातला लेमन सेट मी पाहिलाय. पुढच्या आठवड्यातल्या लग्नात तोच द्यायचा ठरलाय ना? खुशाल द्या. फक्त नवा कागद गुंडाळण्याआधी खोक्याच्या तळाशी चिकटवलेलं नाव वाचा. तुमच्या लग्नात तो आम्हीच दिला होता, आणि नवरी माझी पुतणी आहे.