हरणीनं पास केलेला सायलेन्सर

आमच्या कडाव गावात भास्कर मिस्त्री मोटारसायकलचे सायलेन्सर बनवतो आणि ते माझ्या म्हशीकडून तपासून घेतो. म्हशीचं नाव हरणी. नाव मी ठेवलेलं नाही, विकणाऱ्यानंच ठेवलं होतं, आणि तिच्यात हरणासारखं काहीही नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर हौस म्हणून मी ती घेतली. तिचा गोठा आणि भास्करचं गॅरेज यांच्यामध्ये एक कुडाची भिंत आहे. त्या भिंतीला भास्करनं मला न विचारता एक खिडकी पाडली आहे.

काम झालं की तो गाडी खिडकीशी लावून चालू करतो आणि गाडीकडे पाठ करून हरणीच्या कानांकडे बघत बसतो. हरणी रवंथ करत राहिली तर सायलेन्सर पास. कान ताठ झाले तर पुन्हा कापायचा. गिऱ्हाईक काही बोलायला गेलं तर हा हात वर करतो. "ऐकू नको. कान बघ, कान."

भास्कर माझा विद्यार्थी. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता, म्हणजे देहानं होता. लक्ष कायम बाहेरच्या रस्त्यावर. एकदा मी पट्टी दाखवून विचारलं, सात नव्वे किती? तर म्हणाला, "बाई, आत्ता गेला त्या टेंपोचा आवाज फुटलाय." आता चाळिशी आली, पण चेहऱ्यावरचा तो हरवलेपणा तसाच आहे. समोर चहा ठेवला तर त्याच्यावर साय धरेपर्यंत हा कुठल्या तरी लांबच्या गाडीबरोबर गेलेला असतो.

कंपनीच्या सायलेन्सरचा त्याला राग नाही, कीव येते. "कंपनीनं गाडीला नाकातून बोलायला लावलंय, बाई. सर्दी झाल्यागत." मग तो ग्राइंडरनं नळकांडं उघडतो, आतल्या पत्र्याच्या आडव्या चकत्या काढतो, त्यांच्या जागी भोकाभोकांची नळी बसवतो, तिच्याभोवती आवाज पिणारं ग्लासवूल गुंडाळतो आणि वेल्डिंग मारून बंद करतो. यानं गाडीला श्वास मोकळा मिळतो, पिकअप वाढतो आणि आवाज गळ्यातून पोटात उतरतो, असं त्याचं म्हणणं. मला पिकअपमधलं काही कळत नाही. पण थंडीतल्या पहाटे भाताच्या रिकाम्या खाचरांवर धुकं बसलेलं असतं आणि भास्कर एखादी गाडी घेऊन त्यात शिरतो. गाडी दिसेनाशी होते, नुसता आवाज उरतो, सावकाश लांब जाणारा. तो ऐकता ऐकता मला पुन्हा झोप लागते.

असा आवाज सगळ्यांना नको असतो. पुण्याहून एक तरुण महागाची गाडी घेऊन आला होता. त्याला म्हणे फटाक्यासारखा आवाज हवा होता.

"मंग फटाका घे," भास्कर म्हणाला. "कर्जतला दुकान हाय."

तरी त्यानं गाडी ठेवून घेतली. तीन वेळा सायलेन्सर उघडला, तीन वेळा हरणीनं नापास केला, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं दूधच चोरलं. मी रिकामी चरवी घेऊन तशीच गॅरेजात गेले.

"भास्कर, गिऱ्हाईक माणसं आहेत ना? मग म्हशीला कशाला छळतोस?"

तो हातातला पाना पुसायला लागला. मग म्हणाला, "माज्याकडं घोडा नाय ना, बाई."

मग सगळं सांगितलं. त्याचा थोरला भाऊ हरी माथेरानला घोडा चालवतो. वर गाड्यांना बंदी. त्या दस्तुरीला थांबतात आणि तिथून पुढं घोडे. आठ वर्षांपूर्वी भास्करनं स्वतःच्या गाडीचा सायलेन्सर पहिल्यांदा मोकळा केला आणि तो दादाला दाखवायला घेऊन गेला. घोड्यांच्या रांगेपाशी जाऊन त्यानं एकदम गाडीची मूठ पिळली. हरीचा घोडा बादल एरवी दिवसभर गाड्या बघणारा, पण तो तडाखा ऐकून उधळला. लगाम हरीच्या हाताला गुंडाळलेला होता. हरी फरफटत गेला, मांडीचं हाड मोडलं. खाटेवर पडल्या पडल्या तो धाकट्याला एवढंच म्हणाला, "परत गाडी घेऊन वर येऊ नको." त्यानंतर दोघं भेटलेले नाहीत.

"अरे, मग चालत जा. नेरळच्या छोट्या रेल्वेनं जा. भाऊच आहे ना तो?"

"गाडी घेऊन येऊ नको म्हनला. मंग गाडी घेऊनच गेलं पायजे. नुसता गेलो तर माफी कशाची मागू?"

चौथीपर्यंत शिकवून हे तर्कशास्त्र मी दुरुस्त करू शकले नव्हते, आता काय करणार? पण मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून हरणीचा दाणा मीच खिडकीशी ठेवायला लागले.

हरणी पुन्हा व्याल्यावर एका सकाळी मी धार काढायला बसले होते. परकं कुणी नुसतं खोकलं तरी ती पान्हा चोरते. आणि या महाशयांनी नेमकी तेव्हाच खिडकीशी आपली गाडी चालू केली. मी ओरडणार होते. पण तो आवाज इतका खालून, इतका निवांत आला की हरणीनं एकदा मान हलवली आणि पान्हा सोडला. चरवी भरायला लागली.

खिडकीतून भास्करचा आवाज आला. "बाई, दूध देतीय."

"देतेय रे."

"उद्या वर जाऊ. तुमी चला संगं."

"मी कशाला?"

"मला एकट्याला भ्या वाटतं."

तर वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी मोटारसायकलवर एका बाजूला पाय सोडून, एका हातानं चष्मा धरून माथेरानचा घाट चढले. नेरळ सोडल्यावर चढ अंगावर येतो, पण गाडीनं दोघांना कुरकुर न करता वर नेलं. एकेका वळणाला खालचं धुकं लांब जात होतं.  भास्करची पाठ घामानं भिजली होती.

दस्तुरीला घोडे रांगेनं उभे होते. शेवटून दुसरा बादल, आणि त्याच्याशेजारी एका पायावर भार देऊन उभा असलेला हरी. भास्करनं गाडी चालूच ठेवली. अगदी सावकाश, चालत्या माणसाच्या वेगानं ती बादलपासून चार हातांवर नेली.

"बाई, कान बघा," तो पुटपुटला.

बादलचे कान हलले नाहीत. भास्करनं गाडी बंद केली आणि माझ्याकडे वळून बघितलं. पाढे एकदाही न चुकता म्हटल्यावर मुलं बघतात तसं. आठ वर्षांनी पास झाला होता.

हरी लंगडत पुढं आला. भास्करकडे न बघता त्यानं बादलच्या कानात दोन बोटं घातली आणि कापसाचा बोळा काढला. मग दुसऱ्या कानातला.

भास्करचा चेहरा उतरला. "कापूस घातलाय?"

"रोज घालतो," हरी म्हणाला. "सकाळी हितं आलो की."

"कशापायी?"

"तू कुठल्या दिवशी येशील, काय नेम हाय?"

 मला चष्मा पुसावा लागला. आठ वर्षं खाली हा सायलेन्सर कापत होता आणि आठ वर्षं वर तो कापूस घालत होता.

हरीनं बोळे खिशात टाकले आणि बादलच्या मानेवर हात ठेवला. "कर आता चालू. ऐकू दे रं त्याला."

भास्कर किक मारायला लागला. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. एवढी वर्षं कान बघ, कान बघ म्हणून सगळ्या गावाला सांगणारा हा माणूस, त्या वेळी त्यानं बादलकडे बघितलंसुद्धा नाही. तो दादाच्या तोंडाकडे बघत होता.

कान मी बघितले. हलले नाहीत.