खिडकीतले कर्मचारी

"घरून काम करणाऱ्या माणसाला आपण एकटे आहोत असं क्षणभरही वाटता कामा नये. आणि ते मी महिन्याच्या आत करून दाखवतो," असं उत्साहरावांनी भर बैठकीत ठणकावून सांगितलं, तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. घरून हजर असलेल्यांचे माइक बंद होते आणि ऑफिसात हजर असलेल्यांचं लक्ष बिस्किटांवर होतं.

उत्साहराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते ऑफिसातल्या मंडळींनी पाठीमागे ठेवलेलं. ते कर्मचारी-कल्याण विभागाचे प्रमुख होते. विभागात दुसरं कोणीच नसल्यामुळे त्यांच्या प्रमुखपदाला कोणाची हरकतही नव्हती.

त्यांची योजना अशी. कॉफीच्या यंत्राशेजारी एक मोठा पडदा लावायचा, तो दिवसभर चालू ठेवायचा. घरी बसलेल्यांनी आपापला कॅमेरा सुरू करून त्या पडद्यावर येऊन बसायचं. इकडच्यांनी कॉफी भरता भरता तिकडच्यांना 'काय म्हणता' विचारायचं, की झाली मनं जवळ. योजनेचं नाव 'खिडकी'.

पडदा लागला, पण खिडकीत कुत्रंही फिरकेना. "दिवसभर कॅमेऱ्यासमोर नीटनेटकं बसायचं, तर मग ऑफिसातच नाही का येणार?" असं एका प्रोग्रॅमरने विचारलं. एक बाई हौसेने डोकावल्या, तर कोणीतरी पडद्याला आरसा समजून त्यात दात बघत होतं. त्या पुन्हा आल्या नाहीत. शेवटी उत्साहराव स्वतःच घरून त्या पडद्यावर जाऊन बसायला लागले आणि लोक कॉफी घ्यायला खालच्या मजल्यावर जायला लागले.

अशात मोठ्या मॅडमचा निरोप आला. कंपनी त्यांची. गुरुवारी त्या खिडकी बघायला येणार होत्या. खिडकी ओस दिसली तर कल्याण विभाग हिशेब विभागात विलीन होणार, हे निरोपात नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

"माणसं कुठून आणू?" उत्साहरावांनी रात्री जेवताना बायकोला विचारलं.

"जी येत नाहीत ती का येत नाहीत, ते विचारलंस का?"

"प्रश्नावली पाठवली होती."

"मग?"

"कोणी भरली नाही."

बायकोने भाताचं भांडं उचललं आणि ती आत गेली. उत्साहरावांची नजर समोर बसलेल्या वडिलांवर पडली. वडील टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. हेडफोनची सवय होती, चेहरा भारदस्त होता आणि गुरुवारी त्यांना दुसरं काही काम नव्हतं. तसं ते बुधवारीही नव्हतं.

"बाबा, गुरुवारी तासभर आमच्या ऑफिसात बसाल का? म्हणजे, तुमच्याच खोलीत. फक्त मान डोलवायची. बोलायचं काही नाही."

"शर्ट कुठला घालू?" वडिलांनी विचारलं.

धाकट्या बहिणीलाही गळ घातली. तिचं ब्यूटी पार्लर होतं. "फोन कोपऱ्यात उभा करून ठेवीन. पण मला गिऱ्हाइकं आहेत, मध्ये बोलू नकोस," ती म्हणाली.

गुरुवारी मोठ्या मॅडम कॉफीचा कप घेऊन पडद्यासमोर उभ्या राहिल्या. मागे सगळं ऑफिस गोळा झालं. पडद्यावर दोन चौकटी होत्या. एकीत कडक इस्त्रीच्या शर्टातले वडील. दुसरीत बहिणीचा फोन कलंडल्यामुळे तोंडभर हिरवा लेप लावून डोळे मिटून पडलेल्या कोणी बाई.

"या कोण?" मॅडमनी विचारलं.

"डिझाइन विभाग," उत्साहराव म्हणाले.

लेपवाल्या बाईंनी एक डोळा उघडला. "मी फेशियलला आलेय. हे कोण बोलतंय?"

उत्साहरावांनी घाईघाईने मोबाइलवरून ती चौकट बंद करायला बटण दाबलं. बाई नाहीशा झाल्या, पण वडील अख्ख्या पडद्याएवढे झाले.

"नमस्कार," मॅडम त्यांना म्हणाल्या. "घरून काम कसं वाटतं?"

वडिलांनी मान डोलवली.

"काही अडचण? अगदी मोकळेपणाने सांगा."

वडिलांनी परत मान डोलवली. मग थांबले. मोकळेपणाने बोला, असं त्यांना बऱ्याच दिवसांत कोणी म्हटलं नव्हतं.

"खरं सांगू का? काम असं काही नाहीच. सकाळी आवरून बसतो. पलीकडच्या खोलीत आमचे साहेब दिवसभर बोलत असतात, पण ते दुसऱ्यांशी. हसतातसुद्धा. मला वाटतं, मध्येच उठून येतील, विचारतील काहीतरी. जेवताना भेटतात, पण तेव्हा फोनमध्ये असतात. तक्रार नाही हं माझी. माणूस चांगला आहे. कामात असतो."

कॉफीचं यंत्र तेवढं फुरफुरत राहिलं.

मॅडमनी कप खाली ठेवला. "यांचे वरिष्ठ कोण?"

सगळ्यांनी उत्साहरावांकडे पाहिलं.

"मी," ते म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे तसे तेच माझे वरिष्ठ. माझे वडील आहेत ते."

"आणि या पडद्यावर आपल्या कंपनीचं कोण असतं?"

"एरवी मी असतो. आज इथे आलोय."

कल्याण विभाग सोमवारी हिशेब विभागात विलीन झाला. उत्साहरावांना तिथे घरून करायचं काम मिळालं आणि पडदा उतरवायचा हुकूम निघाला.

पण पडदा उतरवायला माणूस आला, तेव्हा खिडकीत वडील बसलेले होते. बंद करा म्हणून त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्या माणसाला त्यांनी जेवलास का विचारलं, कुठून येतोस विचारलं, आणि तो गप्पा मारून, पडदा तसाच ठेवून परत गेला. मग कॉफीला येणारे थांबायला लागले. ही बातमी घरून काम करणाऱ्यांपर्यंत पोचली आणि एक एक जण आपापल्या घरून खिडकीत यायला लागला. दात बघणाऱ्याला पाहून पळालेल्या बाईसुद्धा आल्या. मॅडमनी खूश होऊन अभिनंदनाचं पत्र पाठवलं, ते हिशेब विभागाला.

पत्र आलं त्या दिवशी दुपारी उत्साहराव फोन बाजूला ठेवून वडिलांच्या खोलीत गेले. "बाबा, बसायचं का जरा गप्पा मारत?"

वडिलांनी हेडफोनचा एक कान वर केला. त्यांच्या समोरच्या स्क्रीनवर सात-आठ चेहरे खदखदून हसत होते.

"आत्ता नाही रे जमणार," ते हळू आवाजात म्हणाले. "उद्या बघतो. नाहीतर परवा ये."

उत्साहराव म्हणाले, आपल्याला कधीही चालेल. हल्ली त्यांना कोणी बैठकीला बोलावतच नसे.