चटणी मागणारी डॉक्टरीण

आमच्या राजारामपुरीतल्या गल्लीत चटणी मागायला येणारी डॉक्टरीण एकच. बाकीच्या बायका वाटी आणतात, ही झाकणाची नळी आणते. चमचाभर कांदा-लसूण चटणी आत भरायची, वर चिठ्ठी चिकटवायची, घराचं नाव घालायचं आणि खिशात टाकून निघायचं. खायची म्हणाल तर कणभरसुद्धा नाही.

नाव रेखा. मूळची जयसिंगपूरची. चाळिशीतली, एकटी, आमच्याच वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. आमच्याकडच्या पोरींसारखी "मी येतो, मी जातो" अशीच बोलते. डॉक्टरीण असली तरी गोळी देत नाही. कुणी घसा दाखवायला आला की म्हणते, "पावणं, मी माणसं बघत न्हाय, व्हायरस बघतो."

तो व्हायरस लई साधा. थुंकीतनं पसरतो आणि बहुतेक सगळ्यांच्या अंगात जन्मभर गप पडून असतो. पण एखाद्याला त्याच्यापायी गाठींचा कॅन्सर होतो. लिम्फोमा म्हणतात. त्या एखाद्यालाच का, हे हिला शोधायचंय. ती कॉलेजात शिकवते, तिथल्या पोरींना हे समजावं म्हणून ह्या चटण्या.

"कृती एकच," ती सांगते. "पण ह्या घरात खोबरं जास्त, त्या घरात लसूण कमी. व्हायरसचं बी तसंच. सोताची नक्कल काढताना बारका फरक पडतो. काही फरक गाठीतच जास्त सापडत्यात. गाठ त्यांनीच केली, का ते नुसतेच तिथं बसल्यात, ते धरायचं."

शेजारच्या पारूबाईंना हे कळलं आणि त्या जिन्याखालनंच ओरडल्या, "माझ्या चटणीला रोग म्हणतीस व्हय गं?"

"न्हाय वो मावशी, तुमची तर सगळ्यात गरीब!"

"म्हंजे तिखट न्हाय म्हणतीस?" पारूबाई दुप्पट पेटल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी अशी चटणी पाठवली, की झाकण उघडताच डॉक्टरीण शिंकून शिंकून पायरीवर बसली. डोळं पुसत चिठ्ठीवर लिहिलं, 'पारूमावशी, नवा प्रकार.'

मी सातवी नापास. जन्म फौंड्रीत गेला, मोल्डर म्हणून. मला तिचं म्हणणं लगेच पटलं. म्हणालो, "एका नमुन्यावरनं ढीगभर साचे भरून जॉब ओतले तरी एखाद्यात पोकळी निघतीच की." तिनं ते वहीत लिहून घेतलं. तेव्हापासनं चारचौघांत मला "आमचे सर" म्हणते. लाज आणते नुसती.

माझी बायको शांता गेल्या वर्षी ह्याच गाठींनी गेली. तपासणीत हाच व्हायरस निघालता. चाळीस वर्षं ती माझ्या उष्ट्या ताटात जेवली. मी उठायचो, ती त्याच ताटात वाढून घ्यायची. थुंकीतनं पसरतो हे ऐकलं आणि माझ्या घशाखाली घास उतरंना. पण विचारायला तोंड उघडत नव्हतं.

परवा दुपारी डॉक्टरीण नळी घेऊन आली. मी अर्ध्या ताटावरनं उठलोतो. म्हणालो, "चटणी राहू दे. एक सांग. शांताला मीच दिला का?"

नळी खिशात गेली.

"काका, बहुतेकांना हा ल्हानपणीच गाठतो. काकी लग्नात घेऊनच आल्या असणार. कुणी दिला, ते आता कोण सांगू शकत न्हाय. मी बी न्हाय. पण तुम्ही दिला असला तरी तो गुन्हा न्हवं. माझ्यात हाय, तुमच्यात हाय, पारूमावशीत बी असंल. गाठ एखाद्यालाच का धरती, ते आम्हालाच अजून कळलं न्हाय."

"मग एवढ्या चटण्या कशाला गोळा केल्यास?"

"कळावं म्हणून की!"

असं म्हणून तिनं मांडी घातली आणि माझंच ताट पुढं ओढलं.

"अगं, उष्टं हाय ते!"

"दिसतंय मला." तिनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला. मान खाली घालून जेवत राहिली. मग हळूच म्हणाली, "एकटीसाठी भाकरी थापायला हात उठत न्हाय, काका. रोज उभ्यानंच कायतरी खातो."

मी पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवला.

"भाकरी जाड झालीया," म्हणालो.

"झालीया," ती म्हणाली. "अजून एक टाका."