माणूस नसलेलं दुकान

चिमाजीनानांना गर्दीचा वीट आला होता. मखमलाबादच्या मळ्यातली भाजी रोज पहाटे नाशिकच्या बाजारात न्यायची, चाळीस वर्षं हाच धंदा. (विकायला बसायच्या सखुबाई. ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी त्या रोज म्हणायच्या, "अहो, दमलात, जा चहा घेऊन या." अशी बायको मिळायला भाग्य लागतं, असं नाना चहावाल्याला रोज सांगत.) म्हणून २००६ साली, जपानात नोकरीला असलेल्या मुलानं, महेशनं दोघांना बोलावलं, तेव्हा नानांनी फोनवरच बजावलं, "ते टोकियो-बिकियो काय नको. जिथं टुरिस्ट लोक जात नाय अशा जागी ने. माणूस दिसला नाय पाहिजे!"

पोरगं आज्ञाधारक. एका डब्याची रेल्वे, मग दिवसातून तीनदा येणारी बस, असं करत त्यानं आईबापाला डोंगरातल्या अशा गावी नेलं, की खुद्द जपानी माणसालाही ते नकाशात शोधावं लागलं असतं. चहूकडे भातखाचरं, लाकडी घरं आणि शांतता. पाच मिनिटांत नानांना करमेनासं झालं.

गावचं देऊळ टेकडीवर होतं. पायऱ्या तीनशे. नानांच्या गुडघ्यांनी तिथंच नकार दिला. "मी बसतो खाली, बसथांब्यावर," ते म्हणाले. एवढीशीच गोष्ट, पण पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

"बसा. पण नाना," महेश काकुळतीला येऊन म्हणाला, "विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नका. साधी तक्रार झाली तरी माझ्या नोकरीवर येईल."

"मी काय लहान पोर हाय का?"

थांब्याशेजारी चार फळ्या ठोकून केलेली एक टपरी होती. वांगी, मुळे आणि मिरच्यांच्या पिशव्या नीट मांडलेल्या, वर एक पाटी, खाली एक पत्र्याचा डबा. आणि माणूस नाही! नानांनी डबा जरासा ढोसून पाहिला. (हात लावू नका म्हटलं होतं, बोटाचं कोणी काही बोललं नव्हतं.) आत नाणी खुळखुळली. गल्ला उघड्यावर टाकून कोण येडा गेला हा? आता बाजारात शेजारचा पाणी प्यायला उठला, तर त्याचा माल आपण सांभाळायचा असतो. नाना टपरीत शिरले आणि खोक्यावर मांडी घालून बसले.

अर्धा तास झाला तरी मालकाचा पत्ता नाही. मुळे सुकत चाललेले नानांना बघवेनात. त्यांनी बाटलीतलं पाणी शिंपडलं, वांगी टोपीनं पुसली, मोठी मोठी पुढे लावली. तेवढ्यात एक बाई आली, नानांना बघून दचकली आणि कमरेत वाकली. नानाही वाकले. तिनं वांगी घेतली, डब्यात नाणं टाकलं. नानांनी सवयीनं तिच्या हातात मिरच्यांची पिशवी ठेवली. "घ्या ताई, वरती!"

बाईनं पिशवीकडे पाहिलं आणि दुसरं नाणं टाकलं.

"अहो, फुकट हाय ती! फुकट!" नाना ओरडले.

बाईनं घाईघाईनं मुळाही उचलला, तिसरं नाणं टाकलं आणि जवळजवळ पळतच गेली. तासाभरात अशी नऊ गिऱ्हाइकं झाली. टपरी धुवून पुसून साफ! नाना मिशीतल्या मिशीत हसत होते.

मग मालकीण आली. ऐंशीच्या घरातली आजीबाई. रिकाम्या टपरीत पांढरी टोपी बघून थबकली, तशीच मागे फिरली आणि पोलीस घेऊन आली.

नानांची पाचावर धारण बसली. गेली पोराची नोकरी! आपल्यापायी गेली! "साहेब, मी नाय काय घेतलं. नुसतं सांभाळलं हो!" ते हात जोडून म्हणाले. पोलिसानं सगळं मराठी लक्ष देऊन ऐकलं आणि वहीत लिहायला घेतलं. (काय लिहिलं, देव जाणे.)

तेवढ्यात पायऱ्यांवरून महेश आणि सखुबाई उतरले.

"आता काय केलं तुम्ही?" सखुबाई लांबूनच कडाडल्या. महेश पांढराफटक पडला. तो आधी आजीबाईपुढे वाकला, मग पोलिसापुढे. आजीबाईनं डबा उघडला. नानांनी डोळे मिटून काळारामाला नारळ बोलून टाकला.

आणि आजीबाई, पदर नसल्यामुळे, तोंडाला तळहात लावून खुदुखुदु हसायला लागली. पोलिसानं वही मिटली.

"काय म्हणती?" नानांनी विचारलं.

"एवढा माल एका दिवसात कधीच खपला नव्हता म्हणते. इथं टपरीवर माणूस नसतोच, लोक आपणच डब्यात पैसे टाकून जातात. तक्रार नाही. सुटलो, नाना, सुटलो!"

नानांना इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. ते आजीबाईपुढे वाकले, ती त्यांच्यापुढे वाकली, ते पुन्हा वाकले. बस आली तेव्हा कुठे हा कार्यक्रम थांबला. जाता जाता आजीबाईनं जाड पेननं पाटीखाली काहीतरी लिहिलं.

"माझं नाव लिहिलं का काय?"

"हं, तसंच काहीतरी," महेश म्हणाला. नानांनी बस थांबवून पाटीशेजारी फोटो काढून घेतला.

तो फोटो मखमलाबादला ओटीवर चौकटीत लागला. "परदेशात पाटी हाय आपल्या नावाची," असं नाना दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून बसले. दिवाळीत महेश आला, भाऊबंद जमले, तसे नाना म्हणाले, "वाच रे, मोठ्यानं वाच."

"राहू द्या ना, नाना."

"वाच म्हणतो ना!"

महेशनं आईकडे पाहिलं आणि वाचलं, "राखणीला माणूस ठेवलेला नाही. आजचे पाहुणे गेले. सर्वांनी पहिल्यासारखं निर्धास्त यावं."

नानांनी चौकट भिंतीवरून काढून डोळ्यांजवळ धरली.

"म्हंजे... गिऱ्हाईक बिचकत होतं मला?"

"भिडेखातर घेत होतं, नाना."

नाना सखुबाईंकडे वळले. "काय लोक तरी! एवढी वर्षं आपल्या बाजारात हाय मी. कधी कोण बिचकलं का?"

सखुबाईंनी फराळाचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. "मंग रोज ऐन गिऱ्हाइकीत तुम्हाला चहाला कशापायी धाडत होते, वाटलं?"