तळघरातला सांबा

सिग्नल हिरवा झाला म्हणून पांढरीपांडे काका गाडी सोडत नाहीत. सम आली की सोडतात. वळायचा दिवा टिकटिक करत असतो, काका स्टिअरिंगवर बोटांनी तीनताल धरून असतात, आणि हिरवा नेमका अकराव्या मात्रेला पडला, तर उरलेल्या मात्रा संपेपर्यंत मागच्यांनी थांबायचं असतं. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलची माणसं तशी सभ्य, सहसा हॉर्न वाजवत नाहीत. काकांच्या मागे मात्र वाजवतात. काका आरशात बघतात आणि मला म्हणतात, "बघ मंदार, बेताल."

काका मूळचे नागपूरचे. इकडे गिअर बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होते, आता निवृत्त. तरुणपणी तबला शिकले, पण हात बसायच्या आत व्हिसा आला. तेव्हापासून जगातली जी वस्तू आवाज करेल तिला ताल लावायचं काम त्यांनी अंगावर घेतलंय. त्यांचे वायपर दादऱ्यात चालतात. वॉशिंग मशीन शेवटी द्रुत लयीत जातं, तेव्हा ते स्वयंपाकघरातून त्याला दाद देतात. माणसांना दाद मिळत नाही. माणसांसाठी एकच वाक्य आहे: "सम कुठंय बाप्पा?" इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी आरतीला झांजा वाजवत होतो, तेव्हा त्यांनी ते असं काही म्हटलं की मी झांजा ठेवून प्रसाद वाटायला लागलो. तिथेही त्यांनी माझ्या हाताकडे बघून मान हलवली.

काकू गेल्या, मुलगा सिअॅटलला. घर मोठं. मुलाच्या आग्रहामुळे काका तळघर भाड्यानं द्यायला तयार झाले आणि भाडेकरू शोधायची जबाबदारी दोन घरं पलीकडे राहणाऱ्या माझ्यावर आली. मी जिथे रोज कॉफी घेतो, तिथे काम करणारी लुसिया खोली शोधत होती. ब्राझीलची, तिशीतली, हसरी. मराठी माणसाला सुचतील ते सगळे प्रश्न मी तिला विचारले. स्वयंपाक किती करणार, पाहुणे किती येणार, बूट बाहेर काढणार का. गाणार का, हे विचारायचं सुचलं नाही. "अगदी शांत मुलगी आहे काका," असं मी छातीठोकपणे सांगून आलो.

पहिल्याच संध्याकाळी काकांचा फोन. "तुझी शांत मुलगी गिटार घेऊन बसली आहे. आणि वजन सगळं दुसऱ्या मात्रेवर टाकते."

लुसिया तिचा पहिला अल्बम करत होती. सांबा, त्यात थोडा जॅझ, थोडा पॉप. कॉफीचं दुकान सुटलं की तळघरात बसून गाणी बांधायची. काका वरती सोफ्यावर. खाली सम चुकली, म्हणजे काकांच्या मते चुकली, की ते टाच आपटून ती कुठे हवी होती ते दाखवायचे. मग लुसिया जिना चढून यायची.

"काका, सांबा असाच असतो. जड ठोका दुसरा."

"मग सांबा चुकलाय."

"अख्खा देश चुकलाय?"

"अख्खा देश नाचतो ना? नाचताना कोणाच्या लक्षात येतं."

ती हसत खाली जायची. मी ओळख करून देताना "हे काका" म्हटलं होतं, ते तिनं नाव म्हणूनच घेतलं. तिच्याबरोबर वाजवणारी मंडळीही आदरानं 'मिस्टर काका' म्हणायची. हे दुरुस्त करायला मी गेलो, तर काकांनी मलाच गप्प केलं. "पांढरीपांडे म्हणायला लावतो का त्यांना? जीभ दुखेल पोरांची."

अल्बम दोन वर्षांनी झाला. बराचसा तळघरातच रेकॉर्ड झाला, आणि पाचव्या गाण्यात, तिनं श्वास घेतला तिथे, वरून एक 'धप' ऐकू येतं. काकांची टाच. लुसियाला ते आवडलं, तिनं राहू दिलं. त्या दिवसापासून काकांच्या गाडीत बसणाऱ्या माणसाची सुटका नाही. "थांब. आता. आता येईल. ऐकलं? तो मी." आणि मग, काच थोडी खाली करून, "अख्ख्या अल्बमात बरोबर जागी पडलेली एवढी एकच गोष्ट आहे."

एवढं होऊनही त्यांनी तिला एकदाही 'छान' म्हटलं नव्हतं. मला वाटलं, चारचौघांत तिचं कौतुक झालं तर काका पाघळतील. मी मंडळाचा सांस्कृतिक सचिव. तिचा कार्यक्रम ठेवला आणि व्हॉट्सअॅपवर उत्साहात टाकलं: 'ब्राझिलियन सांबा नाइट'. आमच्या मंडळात पुरुष वेळेवर आल्याची ती पहिली संध्याकाळ. पहिली रांग अत्तरानं दरवळत होती. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पिसांचे मुकुट घातलेल्या नर्तकी. लुसिया लोकरीचा स्वेटर घालून आली, स्टुलावर बसली आणि कानात सांगावं तशी हळू गायला लागली. तिसऱ्या गाण्याला पहिली रांग वड्यांच्या टेबलापाशी होती. माझी बायको म्हणाली, "तू पुढच्या वेळी नुसता 'कार्यक्रम' असं लिही." काका एकटे जागेवर बसून होते. टाळ्या त्यांनी वाजवल्या नाहीत. पण वड्यांकडे जाणाऱ्या एका गृहस्थाला त्यांनी दंडाला धरून परत बसवलं, हे मी पाहिलं.

मग बातमी आली. शिकागोच्या एका जॅझ क्लबमध्ये अल्बमचा जाहीर कार्यक्रम, आणि त्याच आठवड्यात लुसिया न्यूयॉर्कला. कायमची.

"काका," मी गाडीत म्हटलं, "आता तरी तिला सांगा, चांगलं गाते म्हणून."

"चांगलं गाते हे तिला माहीत आहे."

"तुम्ही म्हटलेलं माहीत नाही."

सिग्नल हिरवा होता. सम येऊन गेली तरी गाडी तिथेच होती.

क्लबमध्ये तिनं आम्हाला अगदी पुढचं टेबल दिलं होतं. गाणं सुरू झालं आणि काकांनी हातावर ताल धरला. टाळी, टाळी, आणि खालीला उजवा हात ऐटीत बाहेर. वेटर धावत आला. "आणखी काही, सर?" काकांची मात्रा चुकायला नको म्हणून ते घाईत "येस, येस" म्हणाले. त्यानं जिंजर एलचा आणखी एक ग्लास आणला. पुढच्या खालीला पुन्हा हात, पुन्हा वेटर. मी वाकून त्याला समजवायला गेलो की हा हात तुम्हाला नाही, रिकाम्या मात्रेला आहे. त्यानं माझ्याकडे फार सहानुभूतीनं बघितलं आणि मलाही एक आणून दिला. मध्यांतरापर्यंत आमच्या टेबलावर हात ठेवायला जागा उरली नाही.

कार्यक्रम संपला. लोक उभे राहिले होते. लुसिया घामेजलेली, थेट आमच्याकडे आली. "काका? कसं झालं?"

मी टेबलाखालून काकांना पाय लावला. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओठ हलले.

"तिसऱ्या गाण्यात लय धावली तुझी," काका म्हणाले.

तिनं हसून त्यांच्या गालाचा मुका घेतला आणि कोणीतरी बोलावलं म्हणून गेली. परत येताना गाडी मी चालवत होतो, आणि हायवेभर वैतागलो होतो. काका खिडकीबाहेर बघत बसले होते.

ती गेल्यानंतरच्या शनिवारी दुपारी काकांनी मला बोलावलं. मी हुशारीनं तोडगा घेऊनच गेलो. "काका, आमच्या ऑफिसमधला एक मुलगा आहे. या वेळी मी नीट विचारलंय. गात नाही, वाजवत नाही, टीव्हीसुद्धा हेडफोन लावून बघतो. घरात आहे की नाही कळणार नाही."

"मग त्याला ठेवून काय करू?" काका म्हणाले. "हा स्पीकर उचल. खाली न्यायचा आहे."

"खाली? अहो, सोफ्यासमोर ठेवू की."

"समोर चुकीचं ऐकू येतं." काका सोफ्यावर बसत म्हणाले. "दोन वर्षं मी ती गाणी फरशीतून ऐकली आहेत. समोरून ऐकलं की दुसरीच कोणी बाई गाते असं वाटतं."

मी स्पीकर उचलून जिना उतरलो. खोली रिकामी होती, झाडून ठेवलेली. खिडकीपाशी तिच्या खुर्चीचे चार ठसे गालिच्यावर राहिले होते. स्पीकर तिथेच ठेवला आणि पहिलं गाणं लावलं.

"मंदार," वरून आवाज आला, "जिन्याच्या दाराखालच्या फटीत टॉवेल सरकव. तिथेच असेल, खुंटीला. ती सरकवायची. मला त्रास नको म्हणून."

मी जिना चढून आतून टॉवेल सरकवला आणि पायरीवरच बसलो. त्यानंतर वरचं मला काहीच ऐकू आलं नाही, काकांची टाचसुद्धा.