पायथ्याला हात लावायचा नाही!

वैरागडे काकांना जेवायला बोलावलं की आमच्या घरातले सगळे आपलं ताट विसरून त्यांच्या भाताकडे बघत बसतात. काका मुदीला कडेनं हात लावत नाहीत. आधी माथ्यावरचे चार घास, मग त्याखालचा थर, असे वरून खाली उतरत येतात. वरण ओतलं की हात आवरून थांबतात आणि ते खालून कुठून पाझरतंय हे वाकून बघतात. एकदा माझ्या नवऱ्यानं सगळं जग कालवतं तसा भात कडेनं कालवायला घेतला, तर काका केवढ्यानं ओरडले, "अरे बाप्पा! पायथ्याला हात लावून राहिला तू!" नवऱ्याला ठसकाच लागला.

हे वेड नोकरीतून आलेलं. काका नागपूरकडचे. दगडी कोळसा काढायचा तर आधी त्याच्यावरची माती, मुरूम, दगड उपसून बाजूला टाकावे लागतात आणि त्यांचे डोंगराएवढे ढीग होतात. हे ढीग जागेवर बसून राहतील की एक दिवस घसरतील, हे सांगण्यात काकांचा जन्म गेला. निवृत्त होऊन ते भोपाळला मुलाकडे आले, तर वर्षभरात मुलाचीच बंगळुरूला बदली झाली. "मी आता हलत नाही," म्हणून काका आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये एकटे राहिले. नवरा दिवसभर मंडीदीपच्या कारखान्यात, त्यामुळे काका बहुतेक माझ्याच वाट्याला येतात.

त्यांना घेऊन बिट्टन मार्केटच्या हाटात जाणं म्हणजे जिवाला घोर. कुणी बटाट्याच्या ढिगातला खालचा बटाटा ओढला की काका सरळ त्याचं मनगट धरतात. "ऊपर से लो, भाई! नीचे से नहीं!" गिऱ्हाईकं चिडतात, भाजीवाले मात्र खूष. त्यांचे वरचे शिळे बटाटे आधी खपतात ना! एक भाजीवाली तर काकांना कोथिंबिरीची जुडी फुकट देते. काकांना वाटतं, तिला विषय समजला.

गेल्या पावसाळ्यात मात्र प्रकरण बटाट्यांवर थांबलं नाही. आमच्या सोसायटीला लागून नव्या इमारतीसाठी मोठा खड्डा खणला आणि निघालेली माती ठेकेदारानं दोन मजले उंच रचली. तिच्या अगदी खाली मजुरांच्या तीन पत्र्याच्या खोल्या. वर कहर म्हणजे, भरावाला माती लागली की जेसीबी ती ढिगाच्या खालच्याच बाजूनं उचलायचा. काकांचं जेवण उडालं.

ते छत्री घेऊन ढिगावर चढले. माथ्यावर एक बारीक भेग होती. तिच्या दोन्ही बाजूंना त्यांनी खुंट्या ठोकल्या आणि रोज सकाळी मधलं अंतर टेपनं मोजू लागले. "सूनबाई, वाढून राहिली," एवढंच सांगायला ते जिना चढून यायचे.

ठेकेदार हसला. "अंकल जी, मिट्टी है, शेर थोड़ी है जो कूद पड़ेगी!"

सोसायटीचे सेक्रेटरी तिवारीजी त्याहून मोठ्यानं हसले. त्यांनी काकांचं नाव ‘भूकंप अंकल’ ठेवलं.

मग पावसानं झड धरली. एका दुपारी बघते तर काका मजुरांच्या खोलीतून डोक्यावर पातेलं घेऊन बाहेर पडतायत आणि मागून रामबाई धावतेय. तीन कुटुंबांत तीच थोरली.

"अरे बाबूजी, आपके घर में हम का करेंगे?"

"खाना बनाना. मुझे नहीं आता. चलो, बच्चों को उठाओ."

काकांच्या दोन खोल्यांत तीन बिऱ्हाडं आली. बाल्कनीत लुगडी वाळू लागली, पंख्याच्या हुकाला झोळी बांधली गेली. तिवारीजी जाब विचारायला आले, तर काका दारात आडवे उभे. "मेहमान हैं मेरे. कोई दिक्कत?" मी तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज रागानं चढलेला ऐकला. पुढे आठवडाभर ते त्या पोरांना पाढे शिकवत होते आणि रामबाईच्या हातचे जाड भाकरीसारखे टिक्कड खाऊन चक्क अंगानं भरले.

पाऊस धो धो पडला. ढीग ढिम्म हलला नाही.

उघडीप होताच ठेकेदारानं डंपर लावून माती उचलून नेली. बिऱ्हाडं त्याच्या दुसऱ्या कामावर गेली. सोसायटीत काकांची यथेच्छ टर उडवली गेली. खोटं कशाला बोलू, मीही हसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दारात काका. इस्त्रीचा सदरा, हातात मावाबाटीचा मोठा डबा.

"घे सूनबाई, तोंड गोड कर. अंदाज साफ चुकला माझा!"

"काका, अख्ख्या सोसायटीत हसं झालं तुमचं, आणि वर मिठाई वाटताय?"

"वाटायचीच. एकदा बरोबर आला होता ना." ते डब्याचा दोरा सोडवत होते, तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते. "खाणीवर एका ढिगाखाली कोळसा वेचणाऱ्या बाया बसत. मी साहेबांना सांगितलं, हा ढीग दोन दिवसांत जाते. सांगितलं, अन् घरी येऊन जेवलो. माझं काम सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी ढीग गेला, बाया खालीच होत्या. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली माझी. म्हणे, शाब्बास वैरागडे, काय अंदाज आहे तुझा!"

त्यांनी हातावर ठेवलेली मावाबाटी काही तोंडाजवळ जाईना. काल हसले त्याची लाज वाटली. काकांना त्याचं काही नव्हतं. "खा, खा, ताजी आहे," म्हणत त्यांनी डबा बंद केला आणि समोरच्या दाराची घंटा वाजवली. दार तिवारीजींनीच उघडलं.

"मुँह मीठा कीजिए, तिवारीजी," काका अगदी खुल्या आवाजात म्हणाले, "मैं गलत निकला."